कमी पैशात स्वसंरक्षणासाठी हॅन्डगन: खान्देशातल्या माणसानं कशी निवडावी

पारोळ्याजवळ सुरत–नागपूर महामार्गाला लागून आमचा पेट्रोल पंप आहे. यूपीआय आल्यापासून रोकड कमी झाली, पण बाहेरच्या राज्यातल्या ट्रकचं डिझेल अजूनही बरंचसं रोखीनं सुटतं. बँकेला सलग सुट्ट्या आल्या की दोन-तीन दिवसांची रोकड रात्री पंपावरून घरी न्यावी लागते. त्यासाठी चौदा वर्षांपूर्वी मी शस्त्रपरवाना काढला. तेव्हापासून रावेर-सावद्याकडचे केळीचे व्यापारी, जिनिंगवाले, सराफी दुकानवाले माझ्याकडे येतात आणि विचारतात, "भाऊ, लाख-सव्वा लाखात कोणतं चांगलं?"

मी मॉडेलचं नाव लगेच सांगत नाही. हत्याराचं नाव हा या कामातला शेवटून दुसरा प्रश्न आहे. आधीचे प्रश्न सुटले नाहीत तर महागातलं हत्यारही तिजोरीत पडून राहतं, नाहीतर घरातच घात करतं. म्हणून ज्या क्रमानं मी हे काम पुन्हा केलं असतं, त्याच क्रमानं इथे लिहितो आहे.

पहिली पायरी: कशासाठी हवं, ते एका वाक्यात लिहा

मी परवान्याचं बोललो तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच विचारलं होतं, "कसाले लागस तुले?" मला नीट उत्तर देता आलं नाही. कलेक्टर कचेरीतला प्रश्नही थोड्याफार फरकानं हाच असतो, हे पुढे कळलं.

कागद घ्या आणि लिहा. धोका कोणाकडून आहे? कुठे आहे, घरात, दुकानात की रस्त्यावर? कोणत्या वेळी? तो दुसऱ्या उपायानं टळतो का? मी लिहायला बसलो तेव्हा माझा अर्धा धोका रोकड नेण्याची वेळ रोज बदलून, दोघांनी मिळून जाऊन आणि पंपावर चांगले कॅमेरे लावून कमी होतो हे लक्षात आलं. ते आधी केलं. उरलेल्या अर्ध्यासाठी परवाना मागितला.

शेतात एकट्या घरात राहणाऱ्यांना मी वेगळं सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम १३ मध्ये लांब नळीच्या, म्हणजे किमान २० इंच नळी असलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला आणि हॅन्डगनला वेगवेगळा मापदंड लावलेला आहे. संरक्षणासाठी अशी बाराबोर बंदूक मागणाऱ्याची वाट कायद्यानंच थोडी सोपी ठेवली आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला मात्र सबळ कारण पटवून द्यावं लागतं. मळ्यातल्या घराच्या राखणीसाठी जुनी दुनळी बाराबोर पुरत असेल तर पिस्तुलाच्या मागे लागू नका. कंबरेला लावून फिरायची खरोखर गरज असेल, तरच हॅन्डगनचा विचार करा.

बिबट्यासाठी पिस्तूल हवं म्हणणारेही भेटतात. यावल-चोपड्याच्या पट्ट्यात बिबट्याची भीती खरी आहे. पण बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि अंधारात पिस्तुलाची गोळी लागून जखमी झालेला बिबट्या सगळ्या गावाला आधीपेक्षा जास्त धोक्याचा. टॉर्च, घुंगरकाठी, गुरांचा बंदिस्त गोठा आणि वन विभागाला फोन, यावर पैसे घाला.

घरातल्या माणसांचाही विचार याच पायरीवर करायचा. कोणी खूप दारू पितं, कोणाचा संताप आवरत नाही, कोणी कर्जानं किंवा नापिकीनं खचलं आहे, अशा घरात हत्यार आणू नका. खान्देशातल्या किती घरांनी माणसं गमावली आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. खचलेल्या माणसाला वाईट क्षण गाठतो तेव्हा हाताशी काय आहे, त्यावर सगळं ठरतं. तशी वेळ घरात आली तर आधी हत्यार बाहेर काढा, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, आणि १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर बोलून घ्या. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

कट्ट्याबद्दल सरळ बोलतो

चोपड्यापलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीवरच्या उमर्टीचं नाव खान्देशात सगळ्यांना माहीत आहे. तिकडून येणारे गावठी कट्टे आणि पिस्तुलं पकडल्याच्या बातम्या जळगाव-धुळ्याच्या पेपरात वरचेवर येतात. वीस-पंचवीस वर्षांची पोरं ते कंबरेला लावून फोटो काढतात. बजेट कमी आहे म्हटलं की कोणीतरी कानाशी येऊन "मी आणून देतो" म्हणतो. त्याला तिथेच नाही म्हणा.

विनापरवाना बंदूक जवळ ठेवली तर शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ खाली शिक्षा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर ती किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं झाली, दंड वेगळा. कट्ट्याची बनावट जर लष्करी मापाच्या काडतुसाची, म्हणजे प्रतिबंधित बोअरची निघाली, तर सात ते चौदा वर्षं. त्यात तुम्ही खरोखर जिवावर बेतलं म्हणून गोळी झाडली असली, तरी खटल्याची सुरुवात बेकायदा हत्यारापासून होते.

कायदा क्षणभर बाजूला ठेवा, नुसत्या लोखंडाचं बघा. काडतूस फुटतं तेव्हा नळीच्या मागच्या घरात प्रचंड दाब तयार होतो. तो सोसायला विशिष्ट पोलाद लागतं, त्याला ठरलेलं उष्णता-उपचार लागतं, आणि कारखान्यात जास्त दाबाचं काडतूस झाडून प्रत्येक नगाची परीक्षा घेतली जाते. ती झाली की हत्यारावर ठसा मारतात. पाइपाच्या तुकड्यातून घडवलेल्या नळीची अशी परीक्षा कोणी घेत नाही. चाप ओढल्यावर गोळी पुढे जाईल की घर फाटून तुमची बोटं जातील, हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

दुसरी पायरी: परवाना

हत्यार बघायला जाण्याआधी परवाना हातात हवा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना जिल्हाधिकारी देतात आणि कागद गृह शाखेतून फिरतात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे अर्ज नमुना ए-१ मध्ये करायचा, वय २१ पूर्ण पाहिजे, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नमुना एस-१ मध्ये लागतं. त्यानंतर पोलीस पडताळणी होते. ठाण्यातून चौकशीला येतात, शेजाऱ्यांना विचारतात, तुमच्यावर गुन्हे आहेत का ते बघतात.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा कारणाच्या रकान्यात. "जिवाला धोका आहे" एवढंच लिहून काही होत नाही. पूर्वी दिलेल्या तक्रारींच्या प्रती, धमकीची नोंद, बँकेत रोकड भरल्याच्या सहा महिन्यांच्या पावत्या, आयकर विवरणपत्र, जीएसटी, दुकानाचा किंवा पंपाचा परवाना, रात्री कोणत्या रस्त्यानं जाता त्याचा साधा नकाशा, असं सगळं जोडा. मी पंप ते घर या अकरा किलोमीटरचा हातानं नकाशा काढून दिला होता, निर्जन टप्पे लाल शाईनं दाखवून. चौकशीला आलेल्या जमादारांनी सगळ्यात जास्त वेळ तो नकाशाच बघितला.

बजेटवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. कलम १४ मध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. परवाना नाकारला तर लेखी कारणं मागा, आणि पटत नसेल तर नाशिकला विभागीय आयुक्तांकडे मुदतीत अपील करा. एजंटला पैसे देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका व्यापाऱ्यानं एका मध्यस्थाला मोठी रक्कम दिली आणि हातात आला तो बनावट शिक्क्याचा कागद. पुढे त्याचीच चौकशी लागली.

यावल अभयारण्य किंवा शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्य तुमच्या गावापासून दहा किलोमीटरच्या आत असेल, तर वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना मिळत नाही. हे माहीत नसल्यानं त्या भागातले लोक अर्ज का पुढे सरकत नाही म्हणून वर्षभर खेटे घालतात. सुरुवातीलाच विचारून घ्या.

परवाना हातात आला की तो तिथेच उभं राहून वाचा. त्यावर हत्याराचा प्रकार असतो, काडतुसांची मर्यादा असते, हत्यार विकत घेण्याची मुदत असते आणि कोणत्या क्षेत्रात वैध आहे तेही असतं. आपल्याकडे क्षेत्र फार महत्त्वाचं. नवापूर ओलांडलं की गुजरात, चोपड्यावरून सेंधव्याकडे निघालं की मध्य प्रदेश, रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर सुरतेला कापड आणायला जाताना हत्यार घरच्या तिजोरीत राहिलं पाहिजे. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते, आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात.

तिसरी पायरी: पैशाची वाटणी

लोक सगळं बजेट हत्यारावर घालतात. मीही तेच केलं आणि चुकलो. वीस हजार हातचे ठेवा, उरलेल्यातच हत्यार बसवा. त्या वीस हजारांतून भिंतीत किंवा जमिनीत बोल्टनं पक्की होणारी छोटी पोलादी तिजोरी येते, चांगलं होल्स्टर, म्हणजे हत्यार कंबरेला लावायचं म्यान, येतं, साफसफाईचा संच आणि तेल येतं, सरावाची काडतुसं आणि नेमबाजीच्या रेंजवर जाण्या-येण्याचा खर्च निघतो. पहिली तीन तर अडून बसण्यासारखी आहेत. तिजोरी नसेल तर हत्यार आणूच नका.

कराची गंमत नाही, तो मोठा आहे. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवर २२ सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के जीएसटी आहे, आधी तो २८ टक्के होता. म्हणजे एक लाख मूळ किमतीचं हत्यार एक लाख चाळीस हजारांना पडतं. विक्रेत्यानं आकडा सांगितला की पहिला प्रश्न हाच विचारा: कर धरून की कराशिवाय? जुन्या लेखांतल्या आणि व्हिडिओंतल्या किमतींवर त्यामुळे विसंबू नका.

परदेशी नावांचा मोह सोडा. सामान्य माणसासाठी हॅन्डगनची आयात १९८०च्या दशकापासून जवळजवळ बंद आहे. त्याआधी आलेल्या चाळीस-पन्नास वर्षं जुन्या तुकड्यांना नुसत्या दुर्मिळपणामुळे लाखो रुपये पडतात. त्या पैशात तुम्हाला हत्यारापेक्षा त्यावरचं नावच मिळतं, आणि स्प्रिंग तुटली तर सुटा भाग मिळत नाही.

चौथी पायरी: बोअर

इथे निवड फारशी नाहीच. ९ मिमी, .३८, .३०३ ही लष्कर-पोलिसांची मापं, प्रतिबंधित बोअर. सामान्य नागरिकाला मिळतं ते बिगर-प्रतिबंधित, आणि त्यात व्यवहारात उरतं .३२ आणि .२२. लोक त्याला बत्तीस बोअर आणि बावीस बोअर म्हणतात.

माझं मत .३२च्या बाजूनं आहे. ती काही फार दणकट गोळी नाही, जगभरचे जाणकार तिला दुबळीच म्हणतील. पण धक्का कमी बसतो, त्यामुळे नवख्या माणसाचीही दुसरी-तिसरी गोळी नेमावर राहते. काडतुसं देशातच तयार होतात. त्यांच्या बुडावर केएफ असा ठसा दिसला तर ती पुण्याच्या खडकी कारखान्याची समजा. आपल्या वरणगावच्या आयुध निर्माणीतही काडतुसं होतात, पण ती सैन्यासाठीची. वरणगावची फॅक्टरी शेजारी आहे म्हणून काडतुसं स्वस्त मिळतील असं मला दोघांनी विचारलं आहे. तसं काही नाही.

.३२मध्ये एक फसगत आहे. रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब असतं आणि त्याच्या बुडाला ठळक कड असते. पिस्तुलाचं आखूड असतं, कड जेमतेम. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. विकत घेताना नुसतं "बत्तीसची द्या" म्हणू नका, हत्याराचा प्रकार सांगा आणि डबीवरचं नाव वाचून घ्या.

.२२ची काडतुसं स्वस्त आहेत, धक्का नावालाच. पण तिचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, आणि अशी काडतुसं न फुटण्याचं प्रमाण मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांपेक्षा जास्त असतं. मनगटात जोर नसलेल्या, वयस्क किंवा संधिवाताच्या माणसासाठीच मी .२२ सुचवतो.

पाचवी पायरी: पिस्तूल की रिव्हॉल्व्हर

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझे पैसे इथेच बुडाले.

मी पहिल्यांदा घेतलं ते जुनं .३२ पिस्तूल. चपटं, हातात छान बसणारं, शर्टाखाली दिसायचं नाही, किंमतही कमी. रेंजवर गेल्यावर दर दुसऱ्या मॅगझिनला, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीला, झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच बाहेर पडताना अडकायचं. मॅगझिनचे ओठ वाकलेले होते आणि नवं मॅगझिन कुठेच मिळेना. पिस्तुलात असं अडकलं तर स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, ओढून, मॅगझिन ठोकून, पुन्हा भरून मोकळं करावं लागतं. ते हात आपोआप करतात एवढा सराव पाहिजे. मी महिन्यातून एकदा रेंजवर जाणारा माणूस. मध्यरात्री घामेजल्या हातांनी मला ते जमणार नाही हे मी स्वतःशी कबूल केलं आणि ते विकायला काढलं.

रिव्हॉल्व्हरचं काम डोळ्यांना दिसतं. चाप ओढला की चक्री फिरते, घोडा पडतो, गोळी सुटते. एखादं काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. वर्षभर तिजोरीत भरलेलं ठेवलं तरी मॅगझिनच्या स्प्रिंगची चिंता नाही. भरलेलं आहे की रिकामं, हे उघडून एका नजरेत कळतं, आणि घरात मुलं असताना हे मोलाचं आहे. उणेपणही सांगतो: गोळ्या सहाच, जाडी जास्त, आणि चाप जड. जड चापामुळे उजव्या हातानं झाडणाऱ्या नवख्याचा नेम खाली-डावीकडे जातो. सरावानं तो सुधारतो. अडकलेलं पिस्तूल सरावाशिवाय सुधारत नाही.

महिन्यातून एक-दोनदा सराव करणाऱ्या, बेताचं बजेट असलेल्या माणसानं .३२ रिव्हॉल्व्हर घ्यावं. आठवड्याला रेंजवर जाणाऱ्यानं खुशाल पिस्तूल घ्यावं.

देशी बनावटीत काय काय आहे तेही सांगतो. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं सहा गोळ्यांचं .३२ रिव्हॉल्व्हर सगळ्यात जास्त दिसतं. ते वरून मोडून, म्हणजे नळी खाली वाकवून उघडतं, जुन्या ब्रिटिश वेब्ली पद्धतीचं. ओबडधोबड दिसतं, पण त्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती जाणणारे लोक मिळतात, आणि बजेटवाल्यासाठी हा मोठा मुद्दा आहे. निर्भीक हेही कानपूरचंच, २०१४मध्ये आलेलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅम. तेव्हाच त्याची किंमत १ लाख २२ हजारांच्या घरात होती. रोज जवळ बाळगणाऱ्या बाईमाणसाला वजनाचा फायदा होतो, नाहीतर तेवढ्यासाठी जादा पैसे घालू नका. प्रबळ हे २०२३चं, बाजूला उघडणाऱ्या चक्रीचं, ७६ मिमी नळीचं, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. भरायला सगळ्यात सुटसुटीत मला हेच वाटलं. बजेट ताणता येत असेल तर मी याच्याकडे बघेन. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं निडर हे .२२चं, आठ गोळ्यांचं, जेमतेम पाव किलोचं. अशनी हे .३२ पिस्तूल. उत्तर प्रदेशात संडीला इथे वेब्ली अँड स्कॉटचं .३२ रिव्हॉल्व्हरही आता तयार होतं, ते दिसायला सुबक पण आपल्या बजेटच्या वर जातं. ऑक्टोबर २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या आणि कानपूर, ईशापूर हे कारखाने एडब्ल्यूईआयएल या कंपनीत गेले. त्यामुळे जुन्या हत्यारावर आणि नव्या हत्यारावर वेगळी नावं दिसली तर गोंधळू नका.

दुकानात हत्यार हातात घेण्याआधी विक्रेत्याला उघडून रिकामं दाखवायला सांगा, मग स्वतःही बघा. मूठ पूर्ण हातात आली पाहिजे, करंगळी हवेत राहता कामा नये. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोहोचलं पाहिजे. विक्रेत्याची परवानगी घेऊन, सुरक्षित दिशेला धरून, रिकाम्या हत्याराचा चाप दहा वेळा ओढा. सातव्या-आठव्या वेळी नळीचं टोक डोलायला लागलं तर ते तुमच्यासाठी जड आहे. घरात बायकोच्या किंवा भावाच्या नावावरही परवाना असेल तर त्यांनाही सोबत न्या. एकाच्या मापाचं हत्यार दुसऱ्याला बसेलच असं नाही.

जुनं घ्यायचं असेल तर

कमी पैशात जुनं रिव्हॉल्व्हर हा चांगला रस्ता आहे, फक्त डोळे उघडे ठेवा. परवानाधारक माणूस आपलं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकू शकतो, पण त्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. माझं पिस्तूल विकताना मी ते थांबलो, घेणारा घाई करत होता तरी. "आधी घेऊन जातो, कागद नंतर" म्हणणाऱ्याला हत्यार देऊ नका, आणि तशा माणसाकडून घेऊही नका.

तपासताना पहिलं काम, हत्यारावरचा क्रमांक परवान्यातल्या क्रमांकाशी एकेक आकडा जुळवा. खाडाखोड, घासलेला आकडा दिसला तर तिथून निघा. मग नळी उघडून टॉर्चच्या उजेडात आतून बघा. आतल्या आट्या ठळक, चकचकीत हव्यात. काळे खड्डे म्हणजे गंज खाऊन गेलेला. घोडा मागे ओढून चक्री बोटानं हलवा. किंचित हलली तर चालेल, खडखडली तर नको. कारण घर नळीच्या सरळ रेषेत आलं नाही तर गोळीचं शिसं कडेला घासून बाहेर उडतं आणि बाजूच्या माणसाला लागतं. सहाही घरांवर हे करा, एकावर करून थांबू नका. वरून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची कडी घट्ट बसते ना बघा, सैल असेल तर हळूच वर-खाली हलवल्यावर टिकटिक ऐकू येते. शेवटी एखाद्या जाणत्या शस्त्र-कारागिराकडे दाखवा. त्याची फी हजार-दोन हजार झाली तरी द्या.

घरी आणल्यावर

हत्यार घेतल्यावर त्याची नोंद परवान्यावर वेळेत करून घ्या. बिल, परवाना आणि काडतुसांचा हिशेब एकाच फाइलमध्ये ठेवा. चोरी झाली किंवा हरवलं तर त्याच दिवशी ठाण्यात कळवा.

तिजोरीची चावी किंवा क्रमांक एकट्या परवानाधारकाकडे असावा. "उशाखाली ठेवलं की बरं" हे मला कधीच पटलं नाही. लहान मूल उशीखाली हात घालतं, मोठ्यांना वाटतं त्यापेक्षा फार लवकर. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवण्याची पद्धत आहे, खाली पडून घोड्यावर आपटलं तर गोळी सुटू नये म्हणून. तुमच्या मॉडेलमध्ये त्यासाठी आतून अडसर आहे का, ते विक्रेत्याकडून समजून घ्या. शंका असेल तर पाचच भरा.

आपली हवा हत्याराला कठीण आहे. मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डात काडतुसं ठेवू नका, आणि गाडीत हत्यार सोडून तर कधीच जाऊ नका. घामानं कंबरेजवळचा भाग गंजतो. एका पावसाळ्यात मी रिव्हॉल्व्हर चामड्याच्या होल्स्टरमध्येच तिजोरीत ठेवलं. गणपतीत काढलं तर नळीवर होल्स्टरच्या शिलाईच्या आकाराची तांबडी रेघ उमटलेली होती. चामडं ओल धरतं. तिजोरीत हत्यार होल्स्टरबाहेर, पातळ तेलाचा हात फिरवून, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. जिनिंगवाल्यांनी तेल अगदी थोडं लावावं, कापसाची बारीक तंतुधूळ तेलाला चिकटून आत लगदा होतो.

सराव

घरी रिकाम्या हत्यारानं रोज दहा मिनिटं सराव करता येतो. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलूपबंद, हत्यार दोनदा तपासलेलं, त्यात सरावाची खोटी काडतुसं, समोर भिंत अशी की पलीकडे माणूस नाही. चाप सरळ मागे ओढायचा, टोक हलू द्यायचं नाही. त्याशिवाय .१७७ म्हणजे ४.५ मिमीच्या, २० जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. नेम आणि चापाची शिस्त बसवायला त्यासारखं स्वस्त साधन नाही, छर्ऱ्यांची डबी काही शे रुपयांत येते.

खरी गोळी फक्त रेंजवर. शेतात, नदीच्या पात्रात, टेकडीवर सराव करायचा नाही. पाच ते सात मीटरवरून सुरुवात करा, घरातला धोका त्याच अंतरावर असतो. चाप ओढल्यावर नुसता खट आवाज आला आणि गोळी सुटली नाही, तर रेंजवर लगेच उघडू नका. नळी लक्ष्याकडे धरून तीस सेकंद थांबा, मसाला उशिरा पेटू शकतो. आणि हे कायम: प्रत्येक हत्यार भरलेलं आहे असं समजा, ज्यावर गोळी झाडायची नाही त्याकडे नळी वळवू नका, झाडायचं ठरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते माहीत असू द्या. आपल्याकडे पत्र्याच्या आणि कुडाच्या भिंती आहेत, चुकलेली गोळी शेजारच्या खोलीत जाते.

लग्नाच्या वरातीत, हळदीत हवेत गोळी झाडली तर कलम २५ मध्ये त्यासाठी वेगळी शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच. पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी लग्नाला जाताना हत्यार घरी ठेवा.

गोळी कधी झाडता येते

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, अशी कायद्यात दिलेल्या ठरावीक गोष्टींची वाजवी भीती असेल तेव्हाच हल्लेखोराचा मृत्यू होईपर्यंत हा हक्क जातो. मालमत्तेसाठी तो जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं अशा ठरावीक प्रसंगांपुरताच तिथवर पोहोचतो. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. पाठ फिरवून पळणाऱ्या चोरावर झाडलेली गोळी बचावाची ठरवणं फार अवघड जातं. रोकड गेली तर जाऊ द्या, विमा असेल तर ती भरून निघते. पंपावरच्या पोरांनाही मी हेच सांगून ठेवलं आहे.

कधी झाडावीच लागली तर लगेच ११२ला फोन करा, जखमीला दवाखान्यात नेण्याची व्यवस्था करा, जागेवरच्या वस्तू हलवू नका, हत्यार सुरक्षित करून पोलिसांच्या ताब्यात द्या आणि वकिलाला बोलवा.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यातून हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. मुदतीत जमा करा, क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्या, आणि निकालानंतर परत घेताना ठाण्यातच उघडून नळी आणि चक्री तपासा. ठाण्याच्या मालखान्यात दोन महिने पडलेल्या हत्याराला घरी आल्या आल्या पुसून तेलाचा हात द्या, मगच तिजोरीत ठेवा.